गाडीच्या भागांचं स्टील: ड्रॉइंगपासून रेकॉर्डपर्यंत तपासणी कशी करावी

३५ मिलिमीटर व्यासाचे दोन बार शेजारी शेजारी ठेवा. एक १६एमएनसीआर५ चा, दुसरा ४२सीआरएमओ४ चा. रंग तोच, वजन तेच, लोहचुंबक दोन्हींना सारखाच चिकटतो. पहिल्यातून गिअर होणार: वरच्या थराला कार्बन देऊन तो कडक करायचा आणि गाभा चिवट ठेवायचा. दुसऱ्यातून ॲक्सल शाफ्ट: त्याला आरपार ताकद हवी. या दोघांची अदलाबदल झाली, तर मशीनवर सहसा कळत नाही, व्हर्नियरला कळत नाही आणि रंग लावल्यावर तर मुळीच कळत नाही. कळतं ते रस्त्यावर, गाडी माणसांसकट पळत असताना.

इनकमिंगमध्ये (आलेल्या मालाच्या तपासणीत) आणि मेटलर्जी लॅबमध्ये काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. स्टीलचा दर्जा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो प्रत्येक टप्प्यावर पुराव्यानिशी पुढे न्यावा लागतो. साखळीची एक कडी सुटली, की पुढचे सगळे कागद निव्वळ अंदाज उरतात. हा लेख क्वालिटी विभागात नव्याने आलेल्यांसाठी, खरेदी बघणाऱ्यांसाठी आणि छोट्या युनिटमध्ये ही दोन्ही कामं एकट्याने करणाऱ्यांसाठी आहे.

१. ड्रॉइंग शेवटच्या टिपेपर्यंत वाचा

आधी एक गैरसमज दूर करू. वाहन सुरक्षेचे कायदे सहसा स्टीलचा ग्रेड सांगत नाहीत, ते अख्ख्या गाडीची परीक्षा घेतात. संयुक्त राष्ट्रांचा नियम ९४ समोरून ताशी ५६ किलोमीटर वेगाने धडक देऊन बघतो, नियम ९५ बाजूने ताशी ५० किलोमीटर वेगाने. त्या परीक्षेत पास झालेली गाडी ज्या स्टीलची होती, तेच स्टील पुढच्या लाखो गाड्यांत जावं, याची जबाबदारी ड्रॉइंग, त्यात नमूद केलेलं स्टँडर्ड आणि तुमची तपासणी या तिघांवर येते.

ड्रॉइंगवर ग्रेड, स्टँडर्डचा क्रमांक आणि त्याचं वर्ष, तिन्ही बघा. ‘ईएन’ या दोन अक्षरांपाशी खास थांबा. ईएन ८, ईएन १९, ईएन २४ ही जुन्या ब्रिटिश मालिकेतली ग्रेडची नावं आहेत. ईएन १००८३ किंवा ईएन १०२०४ हे मात्र युरोपीय स्टँडर्डचे क्रमांक. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, तरी खरेदीच्या ऑर्डरमध्ये त्यांची सरमिसळ झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

दुसरा धोकादायक शब्द म्हणजे ‘समतुल्य’. ४२सीआरएमओ४ आणि एसएई ४१४० सर्रास एकच मानले जातात. पण पहिल्यात क्रोमियम ०.९० ते १.२० टक्के चालतं, दुसऱ्यात ०.८० ते १.१०. मँगनीज पहिल्यात ०.६० ते ०.९०, दुसऱ्यात ०.७५ ते १.००. म्हणजे एकात बसणारी हीट (एका वेळी वितळवलेल्या स्टीलची खेप) दुसऱ्यात नापास होऊ शकते. समतुल्य ग्रेड वापरायचा असेल तर ग्राहकाची लेखी मंजुरी घ्या. फोनवरचा होकार ऑडिटमध्ये चालत नाही आणि अपघातानंतर तर त्याला काहीच किंमत नसते.

ताकदीचे आकडे वाचताना जाडीही सोबत वाचा. ईएन १००८३-३ नुसार क्वेंच-टेंपर केलेल्या (तापवून झटकन थंड केलेल्या आणि मग पुन्हा बेताने तापवलेल्या) ४२सीआरएमओ४ ची ताणशक्ती १६ मिलिमीटर व्यासापर्यंत ११०० ते १३०० मेगापास्कल हवी, १६ ते ४० मध्ये १००० ते १२००, ४० ते १०० मध्ये ९०० ते ११००. स्टील तेच, पण जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत थंडावा वेगाने पोचत नाही. ८० मिलिमीटरच्या शाफ्टवर कोणी ‘किमान १२००’ लिहिलं असेल, तर भट्टीवाल्याशी वाद घालण्याआधी डिझाइनरला फोन करा.

आणि ड्रॉइंगवरची विशेष चिन्हं शोधा. सुरक्षेशी जोडलेल्या मापांना आणि गुणधर्मांना प्रत्येक वाहन कंपनी आपापलं चिन्ह लावते, कोणी उलटा त्रिकोण, कोणी चौकट. ते चिन्ह कंट्रोल प्लॅनमध्ये, कामाच्या सूचनांत आणि सप्लायरच्या ऑर्डरमध्ये तसंच उतरलं पाहिजे. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डात उत्पादन-सुरक्षेचं वेगळं कलम आहे, ते ४.४.१.२. ते एकदा शांतपणे वाचून काढा.

२. ऑर्डरमध्ये ग्रेडशिवाय बरंच काही लिहा

‘२०एमएनसीआर५, ४० गोल, १० टन’ एवढ्या ऑर्डरवर सप्लायर जे पाठवेल ते नियमात बसेलही, पण तुमच्या गिअरला चालेलच असं नाही. निदान चार गोष्टी जोडा.

पहिली हार्डनेबिलिटी, म्हणजे स्टील किती खोलवर कडक होतं. त्यासाठी जॉमिनी चाचणी असते, आयएसओ ६४२ नुसार. २५ मिलिमीटर व्यासाचा आणि १०० मिलिमीटर लांबीचा तुकडा तापवतात, उभा टांगतात आणि फक्त खालच्या टोकावर पाण्याचा फवारा सोडतात. टोक झटक्यात थंड होतं, वरचा भाग सावकाश. मग बाजूने एक पट्टी घासून टोकापासून ठरावीक अंतरांवर हार्डनेस घेतात. त्या एका तुकड्यावर तुमच्या भागातली पातळ कड आणि जाड मध्यभाग, दोन्हींचं भविष्य दिसतं. ग्रेड एकच असला तरी रसायनाच्या मर्यादेत वरच्या टोकाची हीट आणि खालच्या टोकाची हीट, दोन्ही हीट ट्रीटमेंटमध्ये वेगळ्या वागतात, गिअर वेगवेगळे वाकतात. म्हणून जॉमिनीचा पट्टा अरुंद मागा. माझ्या मते दात न घासता तसेच वापरल्या जाणाऱ्या गिअरसाठी हे रसायनाच्या तक्त्याहूनही महत्त्वाचं आहे.

दुसरी स्वच्छता. स्टीलमध्ये अडकलेल्या अधातूच्या कणांना इन्क्लूजन म्हणतात. एएसटीएम ई४५ त्यांचे चार गट करतं: ए म्हणजे सल्फाइड, बी ॲल्युमिना, सी सिलिकेट, डी गोल ऑक्साइड. सल्फाइड मऊ असतात, मशीनिंगला मदतही करतात. बी आणि डी कडक आणि ठिसूळ, बेअरिंग आणि स्प्रिंगमध्ये थकव्याचा तडा बहुधा अशाच कणापाशी जन्म घेतो. म्हणून ‘इन्क्लूजन कमी असावेत’ असं मोघम लिहू नका. गटवार कमाल आकडा लिहा, बारीक आणि जाड वेगवेगळा.

तिसरी ग्रेन साइझ, म्हणजे स्टीलमधल्या कणांचा आकार, बहुतेक वेळा क्रमांक ५ किंवा त्याहून बारीक. चौथी सर्टिफिकेटचा प्रकार, त्याबद्दल पुढे येतंच आहे.

३. टेस्ट सर्टिफिकेट: आधी प्रकार, मग आकडे

ईएन १०२०४ या २००४ च्या स्टँडर्डात चार प्रकार आहेत. २.१ मध्ये उत्पादक फक्त ‘माल ऑर्डरप्रमाणे आहे’ असं जाहीर करतो, आकडा एकही नसतो. २.२ मध्ये आकडे असतात, पण ते तुमच्याच मालावर घेतलेले असतील असं नाही. ३.१ मध्ये पुरवलेल्या मालावरच्या चाचण्या असतात आणि सही उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या अधिकृत निरीक्षकाची असते. ३.२ मध्ये त्याच्या जोडीला खरेदीदाराच्या किंवा नियमांनी नेमलेल्या निरीक्षकाचीही सही असते. सुरक्षेच्या भागांसाठी ३.१ च्या खाली उतरू नका.

सर्टिफिकेट हाती आलं की हीट नंबर मालावरच्या टॅगशी अक्षरन् अक्षर जुळवा. स्टँडर्डचं वर्ष, सप्लाय कंडिशन आणि मोजमापाची पद्धत तपासा. एलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत तुकडा किती टक्के लांबला, ते कोणत्या गेज लांबीवर (मोजणीच्या मूळ लांबीवर) घेतलं हे तर पाहायलाच हवं. ५० मिलिमीटरवरचे २५ टक्के आणि ८० मिलिमीटरवरचे २५ टक्के एक नव्हेत, त्यांची थेट तुलना करून मंजुरी देणं चूक आहे.

आकडे फार छान असतील तरी सावध व्हा. सलग सहा हीटमध्ये मँगनीज दुसऱ्या दशांशापर्यंत तंतोतंत सारखं आलं, तर ते भट्टीतून आलं नसून कॉपी-पेस्टमधून आलं असावं. नावाजलेल्या कंपन्याही याला अपवाद नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये जपानच्या कोबे स्टीलने चाचणीच्या नोंदींत फेरफार झाल्याचं स्वतः कबूल केलं. असा माल ५०० हून अधिक ग्राहकांकडे गेला होता आणि त्यात वाहन कंपन्याही होत्या. सर्टिफिकेट ठेवा, वाचा, आणि त्याला स्वतःच्या तपासणीची जोड द्या.

४. माल उतरतो तिथेच बहुतेक घोटाळे होतात

मिक्सअपचा एक प्रकार मी जवळून पाहिला आहे. बारच्या एका टोकाला ग्रेडचा रंग होता. रात्रपाळीत कटिंगवाल्याने रंगाच्याच टोकाकडून कापायला सुरुवात केली. उरलेला दीडेक मीटरचा तुकडा बिनरंगाचा होऊन रॅकवर परत गेला, शेजारच्या कप्प्यात. काही आठवड्यांनी तो वापरला गेला. कार्बुरायझिंगनंतर, म्हणजे वरच्या थराला कार्बन देऊन झाल्यावर, गाभ्याचा हार्डनेस ३५ एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाच्या) आसपास यायला हवा होता, दोन तुकड्यांत तो ५४ आला. नमुन्यात नेमके ते दोन तुकडे आले म्हणून आम्ही वाचलो. गाभा इतका कडक असलेला दात धक्का सोसत नाही, मुळापासून उडतो.

त्या दिवसापासून मी तीन नियम सोडलेले नाहीत. रंगाचं टोक सर्वांत शेवटी कापायचं. उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर पंच केल्याशिवाय तो रॅकवर जाणार नाही, आणि नंबर नसलेला तुकडा कितीही लांब असला तरी भंगारात. तिसरा नियम, दोन सारख्या व्यासाचे ग्रेड शेजारच्या कप्प्यांत ठेवायचे नाहीत.

हातातल्या एक्सआरएफ यंत्राने (एक्स-किरणांनी रसायन मोजणाऱ्या) प्रत्येक बार तपासता येतो आणि मॉलिब्डेनम, क्रोमियम, निकेलच्या फरकासाठी ते उत्तम आहे. पण हे यंत्र कार्बन मोजू शकत नाही. १६एमएनसीआर५ आणि २०एमएनसीआर५ मधला मुख्य फरक कार्बनचा, मँगनीज आणि क्रोमियमच्या मर्यादा तर एकमेकींवर चढतात. तिथे या यंत्राचा हिरवा दिवा फसवा ठरतो. त्यासाठी स्पार्क देऊन मोजणारं स्पेक्ट्रोमीटर लागतं. ग्राइंडरवरच्या ठिणग्या वाचणारा जुना कारागीर असेल तर त्याच्याकडून ती विद्या जरूर शिकून घ्या, मात्र तिला निकाल मानू नका.

५. लॅबमध्ये काय बघायचं

स्पेक्ट्रोवर तुकडा ठेवण्याआधी पृष्ठभाग घासून स्वच्छ करा आणि एकाच जागी नको, निदान तीन ठिकाणी स्पार्क घ्या. वरचा कार्बन जळालेला थर राहिला तर कार्बन कमी दिसतो. सर्टिफिकेटवरचं विश्लेषण लाडलमधल्या (ओतायच्या भांड्यातल्या) वितळलेल्या स्टीलचं असतं, तुमचं तयार बारचं. दोन्हींत थोडा फरक स्टँडर्डलाही मान्य आहे. ४२सीआरएमओ४ साठी कार्बनची खालची मर्यादा ०.३८ आहे, पण तयार मालावर ०.०२ ची सवलत मिळते. ०.३७ आला म्हणून लगेच रिजेक्शन नोट फाडू नका.

ताण चाचणी आयएसओ ६८९२-१ नुसार, आघाताची म्हणजे शार्पी चाचणी आयएसओ १४८-१ नुसार. शार्पीचा तुकडा १० बाय १० बाय ५५ मिलिमीटरचा, त्यात २ मिलिमीटर खोल व्ही खाच. खाचेच्या तळाची गोलाई झिजलेल्या कटरने बिघडली तर आकडा उगाच चढतो, म्हणून खाच प्रोजेक्टरवर तपासत जा.

हार्डनेस सगळेच घेतात आणि सर्वांत जास्त चुकाही तिथेच होतात. दिवसाची सुरुवात स्टँडर्ड ब्लॉकने करा. डीकार्ब झालेला (तापवताना कार्बन जळून गेलेला) वरचा थर घासून काढा, नाहीतर चांगला भाग मऊ दिसेल. पातळ केसवर, म्हणजे कडक केलेल्या वरच्या थरावर, १५० किलोचा एचआरसी भार देऊ नका, हिरा केस भेदून गाभ्यात उतरतो. तिथे हलक्या भाराची व्हिकर्स चाचणी घ्या. झटपट अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा: ३०० ब्रिनेल हार्डनेस म्हणजे साधारण १००० मेगापास्कल ताणशक्ती. वादाचा निकाल मात्र रूपांतराच्या तक्त्यावर लावायचा नसतो, त्यासाठी ताण चाचणीच करावी लागते.

मायक्रोस्कोपखाली आधी एच न केलेला (ॲसिड न लावलेला) पॉलिश तुकडा पाहा, इन्क्लूजनसाठी, १०० पट मोठा करून. नंतर नायटलने (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणाने) एच करून रचना आणि डीकार्बची खोली. स्प्रिंगच्या बाबतीत डीकार्ब आणि पृष्ठभागावरची सीम (लांबट बारीक चीर) यांना मी अजिबात सूट देत नाही. स्प्रिंगवरचा ताण सर्वांत जास्त पृष्ठभागावरच असतो आणि लाखो वेळा उलटसुलट येतो. केसाएवढी सीमसुद्धा तिथे तड्याची सुरुवात ठरते.

६. हीट ट्रीटमेंट: गुणधर्म इथे घडतात

उत्तम स्टील वाईट भट्टीत घातलं तर वाईट भागच मिळतो. वाहन उद्योगात भट्टीच्या मूल्यांकनासाठी सीक्यूआय-९ वापरतात. त्यात भट्टीच्या सगळ्या कोपऱ्यांत तापमान सारखं आहे का, थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) खरं बोलतंय का, क्वेंच तेल कसं आहे, लोडिंग कसं केलंय, हे सगळं येतं. बाहेरच्या जॉबवर्कवाल्याकडे माल देत असाल तर त्याचं मूल्यांकन स्वतः जाऊन करा. भट्टीच्या दारापाशी उभं राहिल्यावर जे कळतं ते ईमेलने आलेल्या फॉर्ममध्ये कधीच नसतं. ट्रेमध्ये भाग कसे रचलेत बघा. एकमेकांना चिकटून असतील तर मधल्यांपर्यंत तेल नीट पोचत नाही. क्वेंच आणि टेंपर यांच्यात माल किती वेळ पडून राहतो, तेही विचारा. टेंपर न झालेला मार्टेन्साइट (क्वेंचनंतरची कडक, ठिसूळ रचना) पडल्या पडल्या तडकू शकतो.

केस डेप्थ भागाचा छेद घेऊन मोजा: तुकडा मोल्ड करून पॉलिश, मग कडेपासून आत व्हिकर्सचे ठसे. हार्डनेस ५५० एचव्हीपर्यंत उतरतो ती खोली म्हणजे प्रभावी केस डेप्थ. नमुना ट्रेच्या मधून आणि कोपऱ्यातून, दोन्हीकडून घ्या. हाताला लागला तो वरचा तुकडा बहुधा सर्वांत चांगला झालेला असतो.

शंभर टक्के तपासणीसाठी तड्यांकरता मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबकित भागावर लोहकण टाकून तडा दाखवणारी) चाचणी आणि मिक्सअपकरता एडी करंट (विद्युतप्रवाहाने ग्रेडचा फरक ओळखणारी) चाचणी. मॅग्नेटिकनंतर भाग डीमॅग्नेटाइझ करायला विसरू नका, नाहीतर लोखंडाचा चुरा बेअरिंगपर्यंत जाईल.

७. बोल्ट आणि प्लेटिंग: शांतपणे येणारा धोका

आयएसओ ८९८-१ मधला १०.९ हा आकडा वाचायला सोपा आहे. १० ला १०० ने गुणा, नाममात्र ताणशक्ती १००० मेगापास्कल. दशांशानंतरचा ९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांवर यील्ड (बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो तो ताण). ताकद वाढते तशी हायड्रोजनची भीतीही वाढते. ॲसिडमध्ये साफ करताना आणि इलेक्ट्रोप्लेटिंग होताना हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो. बोल्ट आवळला जातो, टॉर्क बरोबर येतो, सगळं ठीक दिसतं. काही तासांनी किंवा काही दिवसांनी, उभ्या गाडीत, डोकं तुटून पडतं. तुटलेल्या जागी कणांच्या सीमांवरून गेलेला ठिसूळ तडा दिसतो आणि मान बारीक झालेली नसते.

बचाव असा: १२.९ ला शक्यतो इलेक्ट्रोप्लेटिंग टाळा, झिंक फ्लेकसारखं हायड्रोजन न घालणारं कोटिंग निवडा. प्लेटिंग करायचंच असेल तर लगेच सुमारे २०० अंशांवर कित्येक तास बेकिंग करा, आणि त्याचा तापमान-वेळेचा आलेख मागून घ्या. लॉटमधले काही बोल्ट आयएसओ १५३३० प्रमाणे किमान ४८ तास आवळून ठेवा. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी, ती गंजाबद्दल बोलते. ३५ अंश आणि ५ टक्के मीठ यातल्या तासांवरून रस्त्यावरची वर्षं काढू नका, लॉटची तुलना मात्र जरूर करा.

युरोपच्या २००० च्या वाहन-भंगार निर्देशानुसार शिसं, पारा, कॅडमियम आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम यांवर मर्यादा आहेत. मशीनिंगच्या स्टीलमध्ये ०.३५ टक्क्यांपर्यंत शिशाची सूट मिळत आली आहे. जुन्या पिवळ्या पॅसिव्हेशनमध्ये (प्लेटिंगवरच्या संरक्षक थरात) हेक्साव्हॅलंट क्रोमियम असू शकतं, तेव्हा प्लेटरकडून रसायनाचं नाव लेखी घ्या.

८. पत्र्याचे भाग

पत्र्याच्या नियमांची मोट वेगळी आहे, तरी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. ड्युअल फेज स्टीलचा (मऊ आणि कडक अशा दोन रचनांच्या मिश्र स्टीलचा) पत्रा ताण चाचणीत पास होऊनही प्रेसमध्ये कापलेल्या कडेपासून फाटतो, कारण साधी ताण चाचणी कडेचं वागणं दाखवत नाही. त्यासाठी आयएसओ १६६३० ची भोक रुंदावण्याची चाचणी मागा.

दुसरी गोष्ट बोरॉन स्टीलची, २२एमएनबी५. दोन दरवाज्यांमधल्या खांबासाठी हा पत्रा ९०० ते ९५० अंशांवर तापवतात आणि थंड साच्यातच दाबून झटपट निववतात. ताकद सुमारे १५०० मेगापास्कलपर्यंत जाते. म्हणून त्याची तपासणी तयार भागावर करायची: ठरवलेल्या बिंदूंवर हार्डनेस. साच्याचा एखादा भाग नीट टेकला नाही, तर तिथे मऊ डाग राहतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गॅरेजमध्ये अपघाती गाडीचा असा खांब टॉर्चने तापवून सरळ करणं म्हणजे ती ताकद घालवणं. तो भाग उत्पादकाच्या पद्धतीने बदलायचा असतो.

९. शंका आली त्या दिवशी उपयोगी पडणारं रेकॉर्ड

पीपीएपी (उत्पादनाआधी ग्राहकाकडून भागाची मंजुरी घेण्याची फाइल) देताना सुरुवातीच्या अभ्यासात प्रक्रियेच्या क्षमतेचा निर्देशांक १.६७ च्या वर दाखवला जातो, ते ठीकच. पण खरी परीक्षा ग्राहकाचा फोन येतो तेव्हा होते: अमुक तारखेचा भाग तुटला. त्या तारखेवरून भट्टीचा चार्ज, चार्जवरून कटिंगचा लॉट, लॉटवरून हीट नंबर, आणि हीट नंबरवरून पुन्हा उलट, त्या हीटचे सगळे भाग कुठे गेले, हे एका दिवसात सांगता आलं पाहिजे. दर सहा महिन्यांनी तयार मालाचा एक भाग उचला आणि हा प्रवास घड्याळ लावून करून बघा. कुठली वही सापडत नाही ते तेव्हाच कळतं.

शंका आली की त्या हीटचा माल तुमच्याकडे, वाटेत आणि ग्राहकाकडे, तिन्ही ठिकाणी एकाच वेळी थांबवा. तुटलेला भाग कोणाला घासू, धुऊ किंवा दोन तुकडे एकमेकांना जोडून बघू देऊ नका, तुटीचे पृष्ठभाग पुराव्यासारखे जपा. शिंपल्यावर असतात तशा वर्तुळाकार रेषा दिसल्या तर तो थकव्याचा तडा, आणि त्या रेषा जिथे एकवटतात ती सुरुवातीची जागा. मायक्रोस्कोप आधी तिथे न्या. प्रत्येक हीटचा एक तुकडा नंबर पंच करून लॅबच्या कपाटात ठेवलेला असेल, तर तुलनेला त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नसतं. मंजुरीचे कागद, आयएटीएफ १६९४९ प्रमाणे, तो भाग उत्पादनात आणि सर्व्हिससाठी चालू आहे तोवर आणि वर एक कॅलेंडर वर्ष सांभाळायचे. ग्राहकाची मुदत त्याहून मोठी असेल तर ती धरायची.